जुनं ऑइल काय केलंत?

ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून किरकिर ऐकू यायला लागली, म्हणून गाडी बापूंच्या गॅरेजवर नेली होती. बापूंनी सवयीनं आधी बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी ओढली, चिंधीनं पुसली, परत बुडवून ओढली आणि उजेडाकडं धरली. ऑइल नवंकोरं होतं. "दुसरीकडं बदललं का साहेब?" त्यांनी विचारलं. मी जरा चाचरतच म्हणालो, "नाही, घरीच बदललं. पार्किंगमध्ये." इतकी वर्षं आमच्या गाडीचं ऑइल त्यांच्याच हातानं बदललेलं, तेव्हा आता एखादा टोमणा तरी येणार असं मी धरून चाललो होतो. बापूंनी पट्टी जागेवर सरकवली, बॉनेट खाली सोडलं आणि म्हणाले, "मग जुनं ऑइल काय केलंत?" मी म्हटलं, डब्यात भरून बाल्कनीत ठेवलंय. "घेऊन या की मग. घरात कशाला ठेवताय?" एवढं बोलून ते चाक खोलायला बसलेसुद्धा.

ऑइल घरी बदललं हे ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी बाकी सगळं विचारलं होतं. किती वाचले, कुठं शिकलात, पाठ धरली का, काही बिघडलं तर कंपनी बघेल का. जुन्याचं काय केलं, हे कुणीही विचारलं नव्हतं.

पैसे फारसे वाचत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. आमची जुनी वॅगनआर. तिला तीनेक लिटर ऑइल लागतं आणि एक फिल्टर. नाना पेठेत साडेतीन लिटरचा डबा मिळतो, फिल्टर मिळतो. हे सामान घेऊन बापूंकडं गेलं की ते मजुरीचे दोनशे रुपये घेतात. म्हणजे घरी केलं तर वाचणार दोनशे, आणि त्यासाठी रॅम्प, पाने, ट्रे, हातमोजे यांवर मी जो खर्च केला तो फिटायला ही गाडी पुरायची नाही, पुढचीही पुरेल की नाही कोण जाणे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी तुलना केली तर आकडा मोठा दिसतो, पण तिथलं बिल ऑइलमुळं फुगत नाही. ते फुगतं एसीत मारायच्या फवाऱ्यानं, इंजिनातला कार्बन काढण्यानं, सीटा पुसण्यानं. त्या चकचकीत टेबलामागचा मुलगा इतक्या आर्जवानं विचारतो, "सर, हे पण ॲड करू ना?", की नाही म्हणताना आपणच चिक्कू ठरतो. मग तो लाउंजमध्ये बसवतो, कॉफी देतो, आणि गाडी काचेपलीकडं जाते ती संध्याकाळी धुऊन पुसूनच बाहेर येते. मधल्या वेळात काय झालं ते बिलावर वाचायचं. ऑइल बदललं असेलच. बहुतेक वेळा बदललेलं असतंही. पण ते बघायची सोय नसते, आणि दर वेळी बिल घडी घालून खिशात ठेवताना माझ्या मनात एक बारीकशी शंका राहायचीच.

त्या शंकेपायीच मी बापूंकडं जायला लागलो. तिथं सगळं डोळ्यांसमोर. गल्लीतल्या गॅरेजवर ऑइल बदलून घेण्याची आपल्याकडं एक रीत आहे, ती कुणी लिहून ठेवलेली नाही, पण पाळतात सगळे. डबा आपण न्यायचा. सील आपल्यासमोर तुटलं पाहिजे. जुनं ऑइल पुरतं निथळेपर्यंत तिथंच घुटमळायचं, फोन आला तरी फार लांब जायचं नाही. आणि शेवटी रिकामा डबा गाडीत टाकून आणायचा किंवा त्याला तिथंच पाना खुपसून भोक पाडायचं, कारण चांगल्या कंपनीच्या धड डब्याला बाजारात गिऱ्हाईक असतं आणि त्यात पुढं काय भरलं जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. हे सगळं करताना आपण पहारा देतोय असं मात्र दिसता कामा नये. सहज उभे आहोत, गप्पा मारतोय, पाऊस यंदा लांबला वगैरे. माझं हे सोंग बरं वठतं असा माझा समज होता. मग एकदा लक्षात आलं, की बापू सील तोडण्याआधी डबा किंचित माझ्याकडं वळवतात. न बोलता, न बघता. ते सगळ्याच गिऱ्हाइकांशी तसं करत असणार. त्या दिवसापासून तिथं उभं राहणंच नको वाटायला लागलं. विश्वास नाही म्हणावं तर मी दुसरीकडं जात नव्हतो, आणि आहे म्हणावं तर जागचा हलत नव्हतो.

घरी करून बघायचं डोक्यात आलं ते धाकट्या बहिणीमुळं. ती ओहायोत, कोलंबसला असते. तिकडं ऑइल बदलून घ्यायचं तर सत्तर-ऐंशी डॉलर सहज जातात, आणि तेच सामान दुकानातून आणलं तर निम्म्यात भागतं, त्यामुळं तिच्या गल्लीतले बरेच जण आपापल्या गॅरेजात गाडीखाली शिरतात. एका रविवारी तिनं फोन लावला तो आडवा. पडद्यावर आधी नुसतं लोखंड दिसलं, मग तिच्या कपाळावरचा काळा ओरखडा. तिच्या कोरोलाचं ऑइल निथळत होतं आणि तोवर वेळ जावा म्हणून बाईसाहेब मला फोन करत होत्या. "दादा, त्यात काही नाही रे, एक बोल्ट आणि एक फिल्टर," ती म्हणाली. हे ती म्हणत होती याचं मला फार वाटलं. कारण गावाकडं वडील इंजिनाचं ऑइल बदलायचे तेव्हा पान्याला हात लावायची परवानगी मला होती. तिचं काम घरातून चिंध्या आणून द्यायचं, आणि तेलाच्या थेंबात परकर भिजवू नकोस म्हणून आईची बोलणी खायचं.

आमचं गाव पलूसजवळ. जवळच किर्लोस्करवाडी, १९१० साली वसलेली. त्यामुळं आमच्या भागात यंत्राचं कुणाला अप्रूप नव्हतं, प्रत्येक घरातला एखादा तरी कारखान्यात. वाडीला पंप व्हायचे, इंजिनं पुण्याजवळ खडकीला, पण आमच्या लेखी ते सगळं वाडीचंच. विहिरीवर आमचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं. विजेची मोटर नंतर आली, पण वीज बेभरवशाची म्हणून इंजिन ठेवलेलंच. त्याला हँडल मारायचं म्हणजे छातीचं काम. वडील ऑइल बदलायचे ते पाणी पाजून झाल्यावर, इंजिन गरम असताना, दिवेलागणीच्या वेळी. खाली पत्र्याचा डबा सरकवायचा, बोल्ट काढायचा, आणि मग दोघांनी उकिडवं बसून ते काळं तेल पडताना बघायचं. त्या वेळी वडील बोलायचे नाहीत. गरम तेलाचा, डिझेलचा आणि ओल्या मातीचा मिळून एक वास असायचा, तो अजूनही कुठल्या गॅरेजात अवचित आला की मी इकडंतिकडं बघतो.

आणि तो डबा भरला की त्याचं काय करायचं हा प्रश्नच त्या घरात नव्हता. उलट मागायला माणसं यायची. गवंडी यायचा, स्लॅब टाकायचा असला की सेंट्रिंगच्या फळ्यांना फासायला, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. सुताराला वाळवीसाठी हवं असायचं. बैलगाडीच्या आसाला, रहाटाच्या कण्याला, दाराच्या करकरणाऱ्या बिजागरीला, गोठ्याच्या मेढींना, सगळीकडं तेच. थोडं दे गा, म्हणून बाटली घेऊन उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. हे आठवलं की मन भरून येतं, काहीही वाया जात नव्हतं वगैरे लिहावंसं वाटतं. पण त्याच इंजिनाच्या खोपीभोवती हातभर रुंदीची एक काळी पट्टी होती. तिथं पावसाळ्यातसुद्धा गवताची काडी उगवायची नाही. विहीर तिथून चार पावलांवर, आणि आम्ही त्याच विहिरीचं पाणी प्यायचो. त्या पट्टीविषयी कुणी कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

असो. पार्किंगमधल्या त्या सकाळकडं येतो. गाडी थोडी फिरवून आणली, कारण कोमट ऑइल पातळ होतं आणि तळातला गाळ सोबत घेऊन बाहेर पडतं. पुढची चाकं रॅम्पवर चढवली. हे रॅम्प फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी अँगल जोडून करून घेतले होते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, असं बहिणीनं शपथ घालून सांगितलं होतं. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दगड. वॉचमननं फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणून अंथरला. खाली आडवा झालो, आणि ज्या गाडीत रोज बसतो तिचं पोट पहिल्यांदा पाहिलं. चिखलाचे थर, कुठल्याशा स्पीडब्रेकरनं चेंबरला, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्याला, पाडलेला पोचा, आणि कुठून तरी अडकून आलेली नारळाची शेंडी.

चेंबरचा बोल्ट सुटताना एक कट्ट आवाज येतो, तो आला की निम्मं काम झालं. त्यापुढं पाना बाजूला ठेवून बोल्ट बोटांनी फिरवायचा, आणि फिरवताना वरच्या बाजूला दाबत राहायचं, म्हणजे आटे सुटले तरी तेल लगेच येत नाही. मग एका झटक्यात हात मागं. हा झटका पुस्तकात वाचून जमत नाही. ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत उतरतं, कोमट, आणि ते अंगावर आल्याचं विचित्र म्हणजे वाईट वाटत नाही. पहिली धार जोरात असते आणि लांब पडते. जोर कमी झाला की ती हळूहळू जवळ सरकते, तसा ट्रे सरकवावा लागतो. मग धारेची दोरी, दोरीचा दोरा, आणि शेवटी थेंब थेंब. हे थेंब संपायची घाई करायची नसते. फिल्टर हाताला दाद देत नव्हता, त्याला पट्ट्याचा पाना लावला. तो सुटताना कपभर तेल आणखी सांडलं. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून तर राहिलं नाही ना हे बोट फिरवून बघायचं, नव्याच्या रबराला नवं ऑइल चोळायचं, हातानंच आवळायचा. बोल्टला नवा वायसर. मग वरून ऑइल ओतायचं, इंजिन मिनिटभर चालवायचं, थांबायचं, पट्टी बघायची, आणि खाली वाकून कुठं ओल दिसते का तेही. बापू हे सगळं वीस मिनिटांत उरकतात. माझी सकाळ गेली.

एक समजूत मात्र गेली. ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, असं मी धरून चालायचो. खरं तर त्यात मिसळलेली द्रव्यं इंजिनातली काजळी पकडून ठेवतात म्हणून ते काळं होतं. जे ऑइल काळं झालंय ते काम करतंय. डिझेल गाडीत तर ते काही दिवसांतच काळं पडतं. मग सर्व्हिस सेंटरवर ते बोटावर घेऊन "बघा सर, किती काळं झालंय" म्हणतात, त्याला अर्थ किती हे ज्याचं त्यानं ठरवावं.

काम चालू असताना सोसायटी अर्थातच जमली. सल्ला द्यायला पुण्यात पैसे पडत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यातून उतरता उतरता थांबले, वाकून माझे पाय ओळखले, आणि खऱ्याखुऱ्या काळजीनं म्हणाले, "अहो, माणूस मिळाला नाही का?" त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. नळ गळला की प्लंबर, बल्ब चढवायला इलेक्ट्रिशियन, आणि गाडीखाली जायला कुणीतरी पोऱ्या, हे इतकं ठरलेलं आहे की तिथं आपल्यातला एखादा दिसला तर त्याच्यावर काही प्रसंग आला असणार असंच वाटतं. बहिणीकडं गाडीखाली जाणारा मनुष्य हौशी ठरतो किंवा काटकसरी. इथं तो बिचारा ठरतो. दोन दिवसांनी नोटीस बोर्डावर कागद लागला: पार्किंगमध्ये वाहनांची दुरुस्ती व तत्सम प्रकार करू नयेत, आदेशावरून. तत्सम प्रकारात मी मोडतो.

खरी पंचाईत नंतर झाली. नव्या ऑइलच्याच डब्यात जुनं भरून, वर फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी ते बाल्कनीत तुळशीशेजारी ठेवलं. बायकोनं ते तिथून हलवून वॉशिंग मशीनमागं ठेवलं. घंटागाडीवाल्यानं डबा हलवून बघितला आणि मान हलवली. भंगारवाला म्हणाला, रिकामा करून द्या, घेतो. ज्या पेट्रोल पंपावर ऑइलचे डबे रांगेनं मांडलेले असतात, तिथल्या पोराला विचारलं तर त्यानं असं बघितलं की मी उष्टं ताट परत करायला आलोय. राहता राहिली मोरी. मोरीतून गटार, गटारातून नाला, आणि नाला मुठेत. एका गाडीचं जुनं ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे जवळपास ३८ लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. मुठेत नासवायला गोडं पाणी कितीसं उरलंय हा प्रश्न वेगळा. पण हात धजावला नाही.

बहिणीला सांगितलं तर तिला अडचणच कळेना. ती डबा घेऊन ऑटोझोन नावाच्या गाडीच्या सामानाच्या दुकानात जाते, मागच्या टाकीत ओततात, पैसे घेत नाहीत, पाच मिनिटांत बाहेर. आपल्याकडं कायदा नाही असं नाही. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं, ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडंच जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून तर ऑइल तयार करणाऱ्या कंपन्यांवरही जुन्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकलेली आहे. आणि हे व्हावं असंच आहे, कारण तेल झिजत नाही, ते मळतं. शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. फक्त या सगळ्या साखळीत, वॉशिंग मशीनमागं डबा घेऊन बसलेल्या माणसाला धरायला कडी नाही.

कडी होती ती बापूंकडं. पुढच्या रविवारी डबा नेऊन दिला. गॅरेजच्या मागच्या भिंतीला दोनशे लिटरचं पिंप आहे, तोंडाला जाळी, जाळीवर चार-पाच फिल्टर उलटे घालून निथळत ठेवलेले. बापूंनी माझा डबा त्यात उपडा केला. महिन्या-दोन महिन्यांनी एक टेम्पोवाला येतो, पिंप उचलतो, लिटरमागं काही रुपये देतो. ते पैसे पोरांच्या चहाला. "पुढं कुठं जातं?" मी विचारलं. "तो म्हणतो कारखान्यात," बापू म्हणाले आणि खांदे उडवले. कारखान्यात शुद्ध करायला जातं की कुठल्या भट्टीत जाळायला, हे त्यांनाही ठाऊक नाही. पण त्यांच्या दारातून ते गटारात जात नाही, एवढं ते बघतात. मजुरी दोनशे रुपये, ती मी बोल्ट फिरवण्याची समजत होतो. बोल्ट मीही फिरवू शकतो. हे पिंप माझ्याकडं नाही.

तिथं एक पोरगा आहे, सतरा-अठराचा, लातूरकडचा. दिवसभरात तो किती गाड्यांखाली जातो कोण जाणे. मी माझ्या एका गाडीसाठी निळे हातमोजे आणले होते, आणि तो उघड्या हातांनी. वापरलेलं ऑइल कातडीला फार वेळ लागू देऊ नका, असं प्रत्येक डब्याच्या मागं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. संध्याकाळी तो हात धुतो ते आधी डिझेलनं, मग निरमा आणि लाकडाचा भुसा चोळून. मी उरलेल्या हातमोज्यांचं खोकं त्याला दिलं. त्यानं एक दिवस घातले, दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, "बोल्ट कळत नाय त्याच्यातनं." ते खरंच आहे. मीही आटे बसवताना उजव्या हाताचा काढूनच ठेवला होता.

आता वॅगनआर बापूंकडंच जाते. डबा मी नेतो, पण उभा राहत नाही. शेजारी चहा प्यायला जातो. घरी करायची खुमखुमी मात्र गेलेली नाही, ती गावाकडच्या गाडीवर भागवायची असं ठरलंय. वडिलांची मारुती आठशे अजून तिथं छपरात आहे, कधीमधी चुलतभाऊ चालवतो. बहीण डिसेंबरात येणार आहे, आणि गाडीखाली कोण जाणार यावरून आमची आत्तापासून भांडणं सुरू आहेत. तिचं म्हणणं, तिचा हात बसलेला आहे. माझं म्हणणं, तो कोरोलावर बसलेला आहे, आणि आठशेच्या खाली तसाही एकच माणूस मावतो. परवा फोनवर तिघं होतो. आईनं आमचं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोघांनीबी खाली जायचं नाही. शेजारचं पोरगं करतंय की शंभर रुपयात." मग जरा थांबून म्हणाली, "आणि ते काळं त्याल कुठं टाकू नका. मागल्या दाराच्या चौकटीला वाळवी लागलीया."